न गळणारं पिंप

पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, कुठून एक नळीसुद्धा जोडलेली नाही, आणि तरी प्रेशर गेजचा काटा आपोआप वर चढतोय, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलंय. तेही लांबून नाही. माझ्या खाटेच्या पायथ्याशी, उशी फेकली तर लागेल इतक्या अंतरावर. तेव्हापासून मी काट्यांच्या घड्याळात वेळसुद्धा बघत नाही. मोबाइलवर आकडे बघतो.

या सगळ्याची सुरुवात माझ्या तोंडापासून झाली, हे आधी कबूल केलेलं बरं.

सौदीत, अल खफजीच्या अलीकडे, समुद्राचा वास येतो पण समुद्र दिसत नाही अशा जागी आमचा कॅम्प. पत्र्याच्या केबिनींच्या बारा रांगा, मध्ये मेस, टोकाला मशीद, चहूबाजूंनी तारेचं कुंपण. ऊन असं, की सकाळी वाळत घातलेली बनियन दुपारी दोरीवरून काढली तर आत माणूस असल्यासारखी उभी राहते. मी कंपनीचा स्टोअरकीपर. वॉशरपासून क्रेनच्या टायरपर्यंत जे काही साइटवर जातं ते माझ्या सहीच्या स्लिपवर जातं. इथे माणसाला त्याच्या कामाच्या नावानेच हाक मारतात, म्हणून मी नुसता 'स्टोअर'. खोलीत आम्ही तिघे. दुसरे काका, गुहागरकडचे वेल्डर, बावीस वर्षं आखातात काढलेले. तिसरा एसी मेकॅनिक, दाभोळच्या खाडीकाठचा, पाच वक्तांचा नमाजी. त्याला सगळा कॅम्प भाई म्हणतो. तो खोटं बोलत नाही. एका खोलीत राहायला असा माणूस फार अवघड.

एका शुक्रवारी दुपारी मेसमध्ये विषय निघाला की रियाधमध्ये म्हणे राजदूत लोकांसाठी दारूचं दुकान उघडलंय. मग कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी सगळ्यांना. कुणी म्हणालं, मेट्रोच्या स्टेशनावर मिळणार. एवढ्या मोठ्या गप्पा चाललेल्या असताना मी भात कालवत गप्प बसणं माझ्या प्रकृतीला झेपलं नाही. मी म्हणालो, "विकत कशाला घ्यायची? मी दोन वर्षं बिअरच्या कारखान्यात होतो."

खरं असं, की संभाजीनगरच्या एमआयडीसीत माझा मेव्हणा राहतो आणि त्याच्या घरी जाताना रिक्षा अशा एका कारखान्याच्या भिंतीला लागून जाते. भिंत पुष्कळ लांब आहे. वासही येतो. अनुभव काय तो तेवढाच. पण मेसमधून उठेपर्यंत मी तिथला शिफ्ट इन्चार्ज झालो होतो, आणि माझ्या हाताखाली विहिरीएवढ्या बारा टाक्या होत्या.

संध्याकाळी काका माझ्या खाटेवर येऊन बसले. माणूस कमी बोलणारा. बोलायच्या आधी पाच मिनिटं हातमोज्याची शिवण तपासत बसतो.

"स्टोअर," ते म्हणाले, "माझं फायनल एक्झिट लागतंय. पाच आठवड्यांत कायमचा घरी."

"माहीत आहे काका. अर्धा कॅम्प रडतोय."

"रडू दे. मी बावीस वर्षांत इथे थेंब घेतला नाय. घरी गेल्यावर तर विषयच संपला. आमच्या हिने शपथ घातलीय. घरात बाटली आली तर ती माहेरी जाईल म्हणते. माहेरी आता कोण उरलं नाय, म्हणजे मलाच जावं लागेल." मग हातमोजा उलटा करून म्हणाले, "जायच्या आधीच्या शुक्रवारी, आपण खोलीतले, एक एक गार ग्लास. तू कारखान्यात होतास ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ही अगदी खरी गोष्ट. पण उघडलेल्या तोंडातून निघालं, "दोन वर्षं."

भाई खाटेवर आडवा होता. तो न वळता म्हणाला, "मी पीत नाय. पण सापडलात तर तिकडेपण आपण तिघे एकाच खोलीत असू. काका, फायनल एक्झिटवर केस झाली तर काय होतं माहीत हाय ना?"

माहीत सगळ्यांना होतं. आधी पोलीस, मग जेल, मग कोर्टाची तारीख, आणि घरी कधी जाणार हे कुणी सांगत नाही. काकांच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. सुट्ट्यांचे महिने एकाला एक जोडले तर नवराबायको एका छपराखाली तीन वर्षंही राहिलेले नव्हते. आणि या वेळी काकी पहिल्यांदाच मुंबईच्या विमानतळावर न्यायला येणार होत्या. त्यासाठी त्यांनी नवी चप्पल घेतली होती. तिचा फोटो काकांनी मला चारदा दाखवला होता. पाय नव्हते फोटोत, नुसती चप्पल.

तो फोटो पाहूनही मी थांबलो नाही. यावरून तुम्हाला माझा स्वभाव कळेल.

मी मोबाइलवर शोध घेतला. इंग्रजीत एक दाढीवाला सापडला. घरी पहिल्यांदा बिअर करणाऱ्यांनी कुठली उपकरणं घ्यावीत, यावर त्याचं एवढं मोठं पान होतं की वाचता वाचता माझाच चेहरा दाढीने भरत आला. बिचारा फार समंजस माणूस. त्याचं म्हणणं एवढंच, की नवशिक्याने हौसेपोटी महागडं सामान घेऊ नये. झाकणाची साधी प्लास्टिकची बादली घ्या, ती धुवायला एखादं जंतुनाशक, एक तपमापक, गोडी मोजायची काचेची कांडी, आणि बिअर बाटल्यांत ओढायला नळी. बस. आणि शेवटी, मोठ्या अक्षरात, झाकणात बसवायचा एक छोटा प्लास्टिकचा तुकडा. त्यात थोडं पाणी असतं. आत तयार होणारा वायू त्यातून बुडबुड करत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. इतर सगळ्यावाचून चालेल, याच्यावाचून नाही, असं तो म्हणत होता.

स्टोअरकीपरला यादी दिली की त्याचं डोकं आपोआप रॅककडे जातं. नळी होती. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब, चार गुंडाळे. तपमापक भाईचा, एसीच्या जाळीत खुपसायचा. तो त्याने दिला नाही. "टेबलावर ठेवतो," म्हणाला, "कोण उचलतो ते मी बघत नाय." गोडी मोजायची कांडी आमच्याकडे नव्हती, पण बॅटरीचं ॲसिड तपासायची होती. मी ती गरम पाण्याने सात वेळा धुतली. भाईने विचारलं, "मग गाडी चालू होईल का त्यावर?"

राहिली बादली. झाकणाची, वीस लिटरची, खायच्या लोणच्याची. मेसच्या आचाऱ्याकडून मी ती मोठ्या गोडीने मिळवली आणि काकांसमोर ठेवली.

काकांनी बादली उचलली, दोन बोटांनी दाबली. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. अशा नजरेने त्यांनी बादलीकडे पाहिलं की मला तिचीच दया आली.

"ह्याच्यात?"

"नवशिक्यांनी यातच करायची असते, काका."

"मी नवशिका नाय," काका म्हणाले.

आणि तिथून गोष्ट माझ्या हातातून गेली. या माणसाने बावीस वर्षं तेल, वायू, वाफ आणि उकळतं पाणी पाइपात बंद करून ठेवण्याचं काम केलं. त्याचा एकही जॉइंट कधी गळला नाही. क्ष-किरणाच्या फोटोत काळा ठिपका दिसेल म्हणून इन्स्पेक्टर भिंग घेऊन बसायचे आणि भिंगच खराब आहे की काय असं म्हणून उठायचे. त्याच्यासमोर मी लोणच्याची बादली ठेवत होतो.

स्क्रॅपमध्ये स्टेनलेस पाइपाचा दहा इंची तुकडा होता, गुडघ्याच्या वर येईल एवढ्या उंचीचा. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्याला वर-खाली टोप्या चढवल्या. वेल्डिंग आतून काळं पडू नये म्हणून आत आर्गॉन वायू सोडून, म्हणजे विमानाच्या इंजिनाला करतात तसं. वर भरायचं तोंड, त्याला आट्यांचं बूच. खाली बॉल व्हॉल्व्ह. तीन पाय. आणि माथ्यावर एक प्रेशर गेज, दहा बारपर्यंत दाब दाखवणारं.

"गेज कशाला?" मी विचारलं.

"बंद भांड्याला गेज लागतंच."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कारखान्यातल्या टाकीला आणखी काय असतं? कुठे भोक-बिक ठेवायचं असेल तर आत्ता सांग."

दाढीवाल्याची मोठी अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. देवाशपथ उभी होती. पण भोक ठेवायचं तर ते कशासाठी हे सांगावं लागलं असतं, आणि काका पुढचा प्रश्न विचारणार हे नक्की. किती मापाचं? वायू किती निघतो? तुमच्या बारा टाक्यांना किती इंचाचं होतं? माझ्या बारा टाक्या त्या एका भोकातून बाहेर पडल्या असत्या.

"भोक प्लास्टिकवाल्यांना लागतं," मी म्हणालो. "स्टीलला नाही."

काकांनी मान डोलावली. साबणाचं पाणी करून प्रत्येक जॉइंटवर ब्रश फिरवला. एक बुडबुडा नाही. समाधानाने ते खाली बसले आणि त्यांनी खिशातून कोरायची सुई काढली. बावीस वर्षांची सवय. जॉइंट झाला की शेजारी वेल्डरचा नंबर टाकायचा, म्हणजे उद्या तो फुटला तर कुणाला धरायचं ते कळतं. भाई आणि मी बघत असताना काकांनी शिवणीच्या बाजूला सुबक अक्षरात कोरलं: डब्ल्यू ४७. वर तारीख.

आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही गैर वाटलं नाही. नंबराशिवाय जॉइंट आम्ही पाहिलेलाच नव्हता.

माल भरणं सोपं होतं. जवाचं बिनदारूचं पेय इथे प्रत्येक बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात मिळतं. एकाच माणसाने पेय, साखर आणि यीस्ट एकत्र घेतलं तर दुकानदार नुसता बघतो. बोलत काही नाही, पण बघतो. म्हणून पेय मी एकीकडून आणलं, साखर मेसमधून, यीस्ट दुसऱ्या गावातून. साधे डबे कमी पडले तेव्हा अर्धे डाळिंबाच्या चवीचे घेतले. पाच लिटरची जागा ठेवून पिंप भरलं, बूच टेफ्लॉनची टेप लावून आवळलं. काकांनी पान्याला आणखी एक झटका दिला. वर चादर घातली, चादरीवर इस्त्री ठेवली. इस्त्रीचं टेबल.

दुसऱ्या दिवशी काटा अर्ध्या बारवर होता.

काका खूश. "होल्ड करतंय," म्हणाले. त्यांच्या लेखी ही टेस्ट होती. टेस्टमध्ये पंपाने दाब भरतात, पंप काढतात, आणि काटा एका जागी उभा राहिला की भांडं पास. तिसऱ्या दिवशी काटा एकवर गेला. चौथ्या दिवशी दीडवर. काकांनी गेजवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच आला, उलट केसभर पुढे.

पाचव्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. चादर बाजूला करून उकिडवे बसून राहिले. काटा दोनच्या पुढे होता.

"स्टोअर."

"काय काका?"

"मी काटा उतरताना पाहिलाय. उभा राहिलेला पाहिलाय. पंप चालू असताना चढताना पाहिलाय." त्यांनी पिंपाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ते कोमट होतं. "ह्याला पंप कुठाय? आत कोण हाय?"

एसीच्या घरघरीत नीट कान दिला की आतून आवाज यायचा. उकळल्यासारखा नव्हे. गच्च भरलेल्या खोलीत लोक हळू आवाजात बोलतात ना, तसा. भाईने त्या संध्याकाळी आपली खाट ओढून पलीकडच्या भिंतीला लावली आणि तोंड भिंतीकडे केलं. दहा फुटांची खोली. जाणार किती लांब?

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कारखान्यातही असंच व्हायचं."

"मग काय करायचात?"

"सोडायचो थोडं."

सातव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, काटा अडीचवर असताना, काकांनी वरच्या बुचाची एक आटी सैल केली. आधी काहीच झालं नाही. मग एक शीळ आली, बारीक, आणि तिच्या मागून वास. ताज्या पावाचा, सडलेल्या डाळिंबाचा, आणि माझ्या मेव्हण्याच्या घराच्या वाटेवरचा. खोली भरली, दाराच्या फटीतून वास बाहेर गेला. काकांनी पान्यावर सगळं वजन टाकून बूच आवळलं. खिडकी उघडायची हिंमत कुणाला झाली नाही.

कॅम्प बॉस नेमका याच वेळी फेरीला निघतो. हा केरळचा माणूस, आवाज कधी चढत नाही. याचं नाक असं, की तळलेला बोंबील कुठल्या तालुक्यातला आहे ते तो आठव्या रांगेतून सांगतो. दारावर दोनदा टकटक झाली. मी दार उघडलं. तो आत आला नाही. उंबऱ्यावर उभं राहून त्याने एक श्वास घेतला, चांगला लांब.

"इस कमरे में पाव कौन बनाता है?"

मी म्हणालो, "कोई नहीं, सर."

त्याने भाईकडे पाहिलं. भाई खोटं बोलत नाही हे त्यालाही माहीत होतं. "तू बोल."

भाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "मैंने पाव नहीं देखा." ते अक्षरशः खरं होतं.

कॅम्प बॉसची नजर खोलीभर फिरली. इस्त्रीवर थांबली. मग काकांच्या बांधून ठेवलेल्या बॅगेवर गेली. "एक्झिट लग गया?"

"लगा, सर. इसी शनिवार."

"अच्छा." त्याने बॅगेच्या कुलपाला बोट लावलं, फार मायेने. "जो लगता है वो निकल भी जाता है. गुरुवार को क्लायंट का इन्स्पेक्टर हर कमरा देखेगा. बाजूवाले कॅम्प में किसी की बाटली फुटी. चार आदमी उठाके ले गये." आणि जाताना, पाठमोरा, "किचन का सामान कमरे में मत रखना."

तो निघून गेला. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे आजही मी सांगू शकत नाही. सोमवार होता.

मंगळवारी आम्ही उपाय शोधले. वाळूत पुरावं तर नंबर पिंपावर. समुद्रात टाकावं तरी नंबर पिंपावर, आणि समुद्र वस्तू परत आणून देतो. बेसिनमध्ये ओतावं, तर एवढ्या दाबाने ते ओतलं जाणार नाही, उडेल, आणि बारा रांगांना वास येईल. मी म्हणालो, "काका, नंबर घासून टाकू."

काकांनी कानस घेतली. पिंप आडवं केलं, कानस नंबरावर टेकवली, आणि तशीच धरून ठेवली. मग खाली ठेवली.

"नंबर घासलेला जॉइंट दिसला की इन्स्पेक्टर पहिला सवाल काय करतो? चोरी कुठून केली. नंबर असला तर बघून पुढे जातो." शिवणीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि स्टोअर, हा माझा शेवटचा जॉइंट हाय. चांगला झालाय."

मग त्यांनी तो चपलेचा फोटो काढला. मला दाखवला नाही. एकट्यानेच बघितला. मोबाइल उशीखाली ठेवताना म्हणाले, "हिला विचारलं असतं तर बरं झालं असतं. एका ग्लासापुरतं शपथेतून सोडवलं असतं तिने. मागितलंच नाय मी."

ते ऐकल्यावर मी बोललो. कारखाना नाही, बारा टाक्या नाहीत, रिक्षा आहे, भिंत आहे, आणि झाकणाला भोक ठेवायचंच होतं. एका दमात.

काका रागावतील म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो. ते म्हणाले, "किती मापाचं?"

"काय?"

"भोक."

"करंगळीएवढं."

"करंगळीएवढं," काका पुटपुटले आणि त्यांनी डोळे मिटले. भाई भिंतीकडूनच म्हणाला, "स्टोअर, तू आयुष्यभर सामान कागदावर चढवून बाहेर काढतोस. हे सामान नाय काय?"

खोटं न बोलणाऱ्या माणसाने मला हे सुचवलं. अजून मला त्याचा उलगडा होत नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला पिंप स्टोअरच्या पिकअपच्या हौद्यात उभं होतं. पट्ट्यांनी बांधलेलं, दिवसाढवळ्या, चादरीशिवाय. गळ्यात टॅग: इन्स्ट्रुमेंट एअर पॉट, स्टँडबाय. म्हणजे व्हॉल्व्ह चालवायला हवा साठवून ठेवायचं भांडं, जादाचं. स्लिपवर माझी सही. काटा तीनवर. वाटेतल्या खड्ड्यांत ते फुटलं असतं तर तुम्ही हे वाचत नसता, अल खफजीचा नकाशा पुन्हा काढावा लागला असता.

कॅम्पच्या फाटकात समोरून पांढरी गाडी आली. इन्स्पेक्टर वेळेच्या दीड तास आधी. पन्नाशीचा सौदी माणूस, शांत, चष्मा कपाळावर. शेजारी बसलेला कोण? कॅम्प बॉस.

दोघे उतरले. कॅम्प बॉस सरळ हौद्याशी आला. पिंपाभोवती एक चक्कर मारली, हळू. बुचाजवळ नाक नेलं, खालच्या व्हॉल्व्हजवळ नेलं, शिवणीवरून फिरवलं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि माझ्या बोटांचा रंग पांढरा की पिवळा ते मला ठरवता येत नव्हतं. त्याने पुन्हा एकदा हुंगलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. वास नव्हता. काकांचा जॉइंट गळत नाही.

इन्स्पेक्टरने चष्मा डोळ्यांवर घेतला. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला, जसा माणूस कापडाचा पोत बघतो. नंबर वाचला.

"हा अजून आहे इथे?"

"शनिवारी जातोय, सर. खलास."

"खसारा," तो म्हणाला. नुकसान झालं आपलं. मग गेजकडे बघून, "तीन. कधीपासून धरलंय?"

"नऊ दिवस, सर." एवढं खरं मी त्या महिन्यात बोललो नव्हतो.

"नऊ दिवस. एकदाही उतरलं नाही?"

"उतरलं नाही, सर." शीळ मी हिशेबात धरली नाही.

त्याने टॅग उलटवून मागे सही केली. आणि मी गिअर टाकणार, एवढ्यात हात वर केला. "स्टोअरमध्ये नको. पंप शेडच्या रॅकवरचं स्टँडबाय गळतंय, महिनाभर सांगतोय मी. ते काढा, हे लावा. आजच. आणि ज्याने केलंय त्यालाच लावू द्या." कॅम्प बॉसने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तो हसला, आणि ते हसू मला त्याच्या टकटकीपेक्षा वाईट वाटलं.

आखातातलं शेवटचं काम म्हणून काकांनी स्वतःचीच बिअर रॅकवर चढवली. दोन यू-क्लॅम्प, आठ नट, खालचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला तारेचं सील. शुक्रवारी ठरल्याप्रमाणे आम्ही तिघांनी ग्लास घेतले. त्यात लिंबूसरबत होतं. शनिवारी दम्मामच्या विमानतळावर मी काकांना सोडायला गेलो. पासपोर्टवाला स्क्रीनकडे बघत बसला तेवढा वेळ मी काचेपलीकडून काकांची पाठ बघत होतो. मग ते पलीकडे गेले. मागे वळले नाहीत. वळू नका असं मीच सांगितलं होतं.

त्याला सात महिने झाले. काका घरी आहेत. काकी त्या नव्या चपलेतच विमानतळावर आल्या, आणि गर्दीत चप्पल तुटली, असं कळलं. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. ते माझी तब्येत विचारत नाहीत.

"काटा?"

हिवाळ्यात तीन सांगायचो. मार्चमध्ये चार. आता रॅकवर दुपारभर ऊन असतं. काटा सकाळी उतरतो, दुपारी चढतो, आणि रोज सकाळी कालच्यापेक्षा थोडा वर सापडतो.

"सात," मी परवा सांगितलं.

पलीकडे काकांनी कोंबडीला हाकललं. मग काका म्हणाले, "जॉइंट?"

"तसाच."

"घाम-बिम?"

"नाही काका. कोरडा."

"मग ते फुटायचं नाय," ते म्हणाले. "उघडावंच लागेल कुणाला तरी."

तेही आता ठरलंय. पुढच्या महिन्यात शटडाउन आहे. प्लँट बंद, सगळी स्टँडबाय भांडी खाली उतरवून उघडायची आणि तपासायची. यादी माझ्या टेबलावर आली आहे. त्यात वेल्डरचा रकाना आहे. डब्ल्यू ४७ समोर लिहिलंय: देश सोडून गेला. त्याच्या पुढचा रकाना, भांडं कुणाच्या सहीने आलं. तिथे माझा इकामा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, नंबर. आणि तळाला पेनने एक ओळ, अक्षर कॅम्प बॉसचं: हे भांडं स्टोअरकीपरच्या समोर उघडावं.

भाईला यादी दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली, आणि आपली खाट ओढून पुन्हा माझ्या खाटेशेजारी आणून लावली.